कप्तानी पत्र

नाटकाच्या धंद्यात प्रेक्षकांना ज्याचा आवाज कधीच ऐकू जाता कामा नये असं एकच माणूस असतं, ते म्हणजे प्रॉम्प्टर. त्या नाट्यगृहात हे काम एक बाई करायची. तिला स्वतःचं नाव होतं, पगारपत्रकावर लिहिलेलंही होतं, पण पडदा ओढणाऱ्यापासून नायिकेपर्यंत सगळे तिला कुजबूजताई म्हणायचे. डाव्या विंगेत, दोरखंडांच्या शेजारी तिचं स्टूल. पुढ्यात डुगडुगतं टेबल, त्यावर पत्र्याची झडप लावलेला छोटासा दिवा आणि नाटकाची वही. सोळा वर्षं ती त्या स्टुलावर बसली, आणि सोळा वर्षांत एकदाही पडद्याबाहेर आली नाही.

या कामाला लोक फुकटचं समजतात, म्हणून जरा सांगायला हवं. नट वाक्य विसरला तर त्याला अख्खं वाक्य द्यायचं नसतं. तो अपमान होतो. अर्धा शब्द द्यायचा, बाकीचं त्याला आपोआप सुचतं. पण त्याआधी समोरचा विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे ओळखावं लागतं. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर मध्यंतरात तो येऊन सालटी काढतो, आणि विसरलेल्याला दिला नाही तर तेच काम व्यवस्थापक करतो. कुजबूजताई नटाच्या तोंडाकडे बघायचीच नाही, हातांकडे बघायची. थांबलेल्या माणसाचे हात काही ना काही करत असतात. विसरलेल्याचे हात जिथल्या तिथे राहतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, बसून बसून कळलं.

नाटककाराला सगळे कप्तान म्हणत. शाळेत असताना तो एका संघाचा कप्तान होता आणि त्या संघाने एकही सामना जिंकला नाही, ही नावाची कुळकथा तो स्वतःच रंगवून सांगायचा. माणूस मोठा, त्यात वाद नाही. त्याच्या नाटकात माणसं महत्त्वाचं बोलायच्या ऐन वेळी गप्प व्हायची आणि मग भलतंच काहीतरी बोलायची. घर विकल्याचं कळलेली बाई विचारायची, "किटलीचं झाकण कुठे गेलं?" एका समीक्षकाने या प्रकाराला ‘खास कप्तानी शांतता’ म्हटलं आणि विशेषणाचं बारसं झालं. मग काय, ज्याला त्याला तेच हवं. कप्तानी संवाद, कप्तानी शेवट, कप्तानी बाई. एका प्राध्यापकाने तर परीक्षेत प्रश्न टाकला की कप्तानी म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा, दहा गुण. कप्तान मुलाखतीत म्हणायचा की मला हा शब्द मुळीच आवडत नाही. ज्या ज्या कात्रणात तो शब्द असेल ते तो एका फायलीत लावून ठेवायचा, हे फक्त कुजबूजताईला ठाऊक होतं, कारण फाईल तीच लावायची.

तिचं घर दोन खोल्यांचं, एका शिवणाच्या दुकानावर. घरात माणसं दोनच, ती आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंना ती आई म्हणायची. नवरा अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी कामाला म्हणून गेला तो गेलाच. भांडण नाही, तंटा नाही, निरोप नाही. जाताना शर्टाचं तुटलेलं बटण तिच्या हातावर ठेवून गेला, संध्याकाळी लाव म्हणून. अशा माणसाला काय म्हणावं हे ज्याचं त्याने ठरवावं. मला जो शब्द सुचतो तो इथे लिहिता येणार नाही. लोकांना सांगितलं की तो दूरदेशी नोकरीला लागलाय. कोण बोललं हे आधी, आई की सून, ते दोघींनाही आठवत नसे.

वर्षभराने पत्रं यायला लागली. दीड-दोन महिन्यांनी एक यायचं. पोस्टमन खाली दुकानात देऊन जायचा, शिवणवाली ते वर घेऊन यायची, आणि रविवारी सकाळी चहा झाला की आई चष्मा लावून मोठ्याने वाचायच्या. शिवणवाली, समोरची एक दोघी, सगळ्या ऐकायला बसायच्या. पत्रात दर खेपेला काहीतरी घेतलेलं असायचं. "इथे सगळं ठीक. या महिन्यात पंखा घेतला. आवाज करत नाही." पुढच्या पत्रात खुर्ची, त्याच्या पुढच्यात पाण्याची मोठी बादली. आणि शेवटी न चुकता: "तिचा खोकला कसा आहे? तिला खिडकीपाशी झोपू देऊ नकोस." बायका कौतुकाने सुनेकडे बघायच्या, म्हणायच्या, नशीब लागतं गं. सून मान खाली घालायची.

पाकिटाचा तिकिटाचा कोपरा आई आधीच फाडून ठेवत. लेकीच्या मुलाला तिकिटं जमवायचा नाद आहे, त्याला पाठवायचा म्हणून. चौथ्या पत्राच्या वेळी कोपरा नीट फाटला नाही, अर्धा शिक्का मागे राहिला. शिक्का त्यांच्याच चौकातल्या टपाल कचेरीचा होता. कुजबूजताईने तो पाहिला, पाकीट होतं तसं ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की पत्र येण्याच्या आधी दोन दिवस आईंच्या डाव्या हाताच्या बोटांना शाई असते. आई उजव्या हाताने लिहायच्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्या बाईने सत्तरीच्या घरात डाव्या हाताने लिहायचा सराव केला होता.

ती काही बोलली नाही. आईंना एवढाच आधार उरलाय, तो आपण कशाला काढून घ्यायचा, असं तिला वाटलं. उलट पुढच्या रविवारी तिने पंख्याबद्दल दोन प्रश्न जास्तच विचारले. अशा रीतीने दोन शहाण्या बायका एका छपराखाली एकमेकींना मोठ्या मायेने फसवत राहिल्या आणि घर नीट चाललं. सुनेच्या पगारावर, आईंच्या पत्रांवर.

हे तिने जन्मात एकाच माणसाला सांगितलं. तालमी चालू होत्या, तिला ताप होता, खोकला थांबत नव्हता. दुपारच्या सुट्टीत कप्तान स्वतः गरम पाणी घेऊन आला, शेजारच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला, "घरी कोण बघतं तुझ्याकडे?" इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. माणूस ऐकायचाही असा की मध्ये एक शब्द बोलायचा नाही, मान हलवायचा नाही, फक्त आपल्याकडे बघत राहायचा. तिने सगळं सांगितलं. बटण, पत्रं, शिक्का, शाई. पंख्याचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं, कारण पाठांतर हा तिचा धंदाच होता. सांगून झाल्यावर घाबरली. "कप्तान, हे कुठे बोलू नका."

"माझ्यापाशी राहील," कप्तान म्हणाला.

दोन वर्षांनी त्याने नवं नाटक लिहिलं. नवं नाटक आलं की कुजबूजताई स्वतःच्या हाताने त्याची प्रॉम्प्टरची वही उतरवून काढायची. डावं पान कोरं, खुणांसाठी. उजव्या पानावर संवाद. निळ्या पेन्सिलीने थांबायच्या जागा, लाल पेन्सिलीने प्रवेश. पहिली अठरा पानं तिने आरामात उतरवली. एकोणिसाव्या पानावर म्हातारी चष्मा लावते आणि पत्र वाचते: "इथे सगळं ठीक. या महिन्यात पंखा घेतला. आवाज करत नाही."

तिचा हात थांबला नाही. प्रवेश संपेपर्यंत मधे थांबायचं नाही, ही तिची सवय. म्हातारी डाव्या हाताने लिहिते, तेही तिने उतरवलं. खोकला उतरवला. नाटकातली म्हातारी मात्र भ्रमिष्ट होती, पाकिटाशी गप्पा मारायची, आणि सून तिची टिंगल करायची, शेजाऱ्यांना डोळे मिचकावून दाखवायची. प्रवेश संपल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि वही घेऊन थेट कप्तानच्या खोलीत गेली.

"हे आईंचं आहे," ती म्हणाली.

"कुठल्या आईंचं?"

"माझ्या सासूबाईंचं. तुम्ही म्हणाला होतात, तुमच्यापाशी राहील."

"राहिलं की," कप्तान म्हणाला. "दोन वर्षं राहिलं. लोकांना तेवढंही जमत नाही."

तो हसत होता असं नाही. अगदी शांतपणे, हिशेब समजावून सांगावा तसा बोलत होता. म्हातारी वेगळी आहे म्हणाला, सून वेगळी आहे म्हणाला, कुणाच्या बापाला कळणार आहे म्हणाला. कुजबूजताईला भांडता येत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले, स्वतःच्या वेळेला ओठावर एक येईना. शेवटी एवढंच म्हणाली, "घरात दोन बायका आहेत. दोघींनी खोटं वाटून घेतलंय. तेवढं तरी आमचं आमच्याकडे राहू द्या."

कप्तान तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय वाक्य बोललीस."

तिसऱ्या दिवशी दुरुस्त्यांचे कागद आले तेव्हा ते वाक्य तिसऱ्या अंकात होतं. तिनेच ते वहीत चिकटवलं.

तुम्ही म्हणाल, तिने काम सोडायचं. तसं म्हणणं सोपं असतं, ज्याचं घर दुसऱ्याच्या पगारावर चालतं त्याला तर फारच सोपं. शिवाय तिने मनाची एक समजूत घातली होती. आईंचे गुडघे धरलेले, अंधारात त्यांचा जीव घुसमटायचा, नाटकाचं त्यांना मुळातच वावडं. सून काम करते त्या नाट्यगृहाची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. नाटक चार भिंतींत होणार, संपणार, आई वर खोलीत असणार. तिला काळजी फक्त नाटकाची होती. शब्दाचा विचार तिच्या मनात आला नाही, आणि तिथेच तिचं चुकलं.

नाटक धो धो चाललं. पहिल्या पत्राला लोक पोट धरून हसायचे, शेवटच्याला रुमाल काढायचे. महिन्याभरात ‘कप्तानी पत्र’ हा शब्द गावभर झाला, आणि ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं तेच तो जास्त वापरू लागले. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच म्हणत नाही, अशी कुठलीही गोष्ट कप्तानी झाली. कचेरीत साहेब आजारपणाचा अर्ज परत फेकायचा: हे कप्तानी पत्र दुसऱ्याला दे. बसच्या थांब्यावर दर दहा मिनिटांनी गाडी असल्याची पाटी होती, तिला लोक कप्तानी पाटी म्हणायचे. नाट्यगृहातला दिवेवाला जळालेला बल्ब खोक्यात ठेवताना म्हणायचा, हा कप्तानी बल्ब. समीक्षकांनी तिसऱ्या अंकातलं वाक्य उचललं, ‘दोघींनी खोटं वाटून घेतलंय’, आणि इतकं कप्तानी वाक्य कप्तानलाही पुन्हा जमणार नाही असं छापून टाकलं. एकदा चहाच्या वेळी कुजबूजताई सहज काहीतरी बोलली तर थोरली नटी म्हणाली, "ताई, तुम्ही पण अगदी कप्तानी बोलायला लागलात हो. संगतीचा परिणाम." सगळे हसले. तिने कप विसळला आणि स्टुलावर जाऊन बसली.

घरी तिने जमेल तेवढी नाकेबंदी केली. नाटकाचं पान असलेलं वर्तमानपत्र वर येऊ द्यायचं नाही. रविवारी पत्र असेल तर स्वतः घरी थांबायचं. पण शब्दाला काही तिकीट लागत नाही. शिवणवालीच्या गिऱ्हाइकांत तो पोचला, आणि शिवणवालीने नाटक न बघताच त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. रविवारी आईंनी पत्र वाचलं, या खेपेला मुलाने कपाट घेतलं होतं, आणि शिवणवाली डोळे पुसून म्हणाली, "आजी, पत्र अगदी कप्तानी आहे हो."

"कप्तानी म्हणजे?" आईंनी विचारलं. शिवणवालीला नीट सांगता येईना. आईंनी सुनेकडे बघितलं. "तुमच्याकडचाच शब्द दिसतोय. काय गं, म्हणजे काय?"

ती वेळ होती. सगळं सांगून टाकायची ती एकच वेळ होती, आणि ती तिने घालवली. "म्हणजे मनापासून लिहिलेलं," ती म्हणाली.

आईंना शब्द फार आवडला. म्हातारपणी माणसाला एखादा नवा शब्द मिळाला की तो वापरून बघायची हौस असते. पोस्टमनला म्हणाल्या, माझ्या मुलाचं पत्र कधी आणताय, फार कप्तानी लिहितो. किराणा दुकानात म्हणाल्या. त्या दिवशी कुजबूजताई पिशवी धरायला बरोबर होती. "लिहितो हो वेळेवर," आई दुकानदाराला सांगत होत्या, "आणि असं तसं नाही, अगदी कप्तानी पत्र असतं." दुकानदाराचा साखरेचा डाव हवेतच राहिला. मागे उभ्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि एकीने तोंडाला पदर लावला. आईंना वाटलं, कौतुक आहे. त्या आणखी दोन वाक्यं बोलल्या. कुजबूजताईने पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला आई, ऊन होतंय."

इतका छान शब्द ज्या नाटकातून आला, ते नाटक तरी कसं असेल, असं आईंच्या मनाने घेतलं. सुनेने नाना कारणं दिली. जिने आहेत, अंधार आहे, गर्दी असते. आई गप्प बसल्या. पण एका गिऱ्हाइकाने शिवणवालीला दुपारच्या प्रयोगाचे दोन पास दिले, आणि दोघींनी मिळून ठरवलं की सुनेला सांगायचं नाही, गंमत करायची. नव्या चपला घालून, शिवणवालीचा हात धरून आई जिने चढल्या.

दुसरा अंक सुरू झाल्यावर कुजबूजताईला त्या दिसल्या. विंगेच्या फटीतून तिसरी रांग दिसते, रंगमंचावरच्या उजेडात पहिल्या चार रांगांतले चेहरे ओळखू येतात. आई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पाठ ताठ. म्हणजे पहिला अंक होऊन गेला होता. पहिलं पत्र होऊन गेलं होतं. पंख्यावर आठशे माणसं हसली होती आणि ती हसत असताना आई त्यांच्या मधोमध बसलेल्या होत्या.

तिला उठून पळावंसं वाटलं. पण वही उघडी होती आणि दुसरं पत्र आलं. थोरली नटी चष्मा लावून वाचू लागली. खुर्ची झाली, बादली झाली, आणि नटी थांबली. कुजबूजताईने हात बघितले. पत्र धरलेले दोन्ही हात जिथल्या तिथे होते. नटी विसरली होती.

पुढचं वाक्य होतं ‘तिचा खोकला कसा आहे?’ ‘तिचा खो’ एवढंच द्यायचं होतं. सोळा वर्षांत तिने हजारदा केलेलं काम. पण तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज जाईल, आई तो आवाज ओळखतील, आपल्याच पत्राचा शब्द आपल्याच सुनेच्या तोंडून येतोय हे त्यांना ऐकू येईल. तिच्या तोंडातून शब्द फुटेना. क्षण लांबला. प्रेक्षक श्वास रोखून बसले, त्यांना वाटलं ही ती प्रसिद्ध शांतता. नटीच्या कपाळावर घाम आला. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, मोठाही नाही, लहानही नाही. "तिचा खोकला कसा आहे."

नटीने वाक्य झेललं आणि पुढे गेली. लोकांना वाटलं, ही कप्तानची नवी युक्ती. टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्या विंगेत कप्तान उभा होता, तो सुद्धा टाळ्या वाजवत होता, आणि शेजारच्याला म्हणत होता की हे ठेवू या, उद्यापासून एक बाई बसवू या तिथे. तिसऱ्या अंकाला आईंची खुर्ची रिकामी होती.

ती घरी आली तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. आई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"चौथ्या पत्रापासून."

आईंनी मनाशी वर्षं मोजली असावीत. "आणि तरी तू पंख्याचं विचारायचीस."

"मला वाटलं, तुम्हाला आधार आहे त्याचा. त्याची वाट बघताय म्हणून लिहिता."

"मी?" आई म्हणाल्या. "तो परत येणार नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी त्याची आई आहे. पत्रं तुझ्यासाठी होती. तू तिशीचीसुद्धा नव्हतीस. टाकलेली बाई म्हणून कुणी बोट दाखवू नये, तुझं तुलाही तसं वाटू नये. कुणीतरी आपला खोकला विचारतंय, असं वाटावं."

कुजबूजताई खाली बसली. तिला रडू आलं. तिला वाटलं होतं की फसवली गेलेली आपण आहोत, कप्तानने आपला घात केलाय. ते खरंच होतं. पण समोर बसलेल्या बाईसाठी तीच कप्तान होती, आणि हे तिला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं.

"मी एकदाच बोलले, आई. एकालाच सांगितलं."

"एकालाच सांगितलंस आणि एवढं नाट्यगृह हसलं," आई म्हणाल्या. "तेही जाऊ दे. तुझं मन मोकळं व्हायचं असेल, झालं असेल. पण मी तुला विचारलं होतं, कप्तानी म्हणजे काय. तू म्हणालीस, मनापासून. मी दुकानादुकानातून स्वतःच्या तोंडाने सांगत फिरले की माझ्या मुलाची पत्रं खोटी आहेत. तू पिशवी धरून शेजारी उभी होतीस."

तिने पाय धरले, आईंनी सोडवून घेतले, रागाने नाही, गुडघा दुखतो म्हणून. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस घरात भांड्यांपुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी सकाळी आईंनी कपडे भरले. लेकीकडे जाते म्हणाल्या, दुसऱ्या गावी, किती दिवस ते सांगितलं नाही. पिशवी स्वतःच उचलली. सुनेने हात पुढे केला तर म्हणाल्या, राहू दे.

खाली दुकानाच्या दारात शिवणवाली मशीनवर होती. प्रयोगाच्या दिवसापासून ती वर आली नव्हती. "कुठे निघालात आजी?" तिने विचारलं.

"मुलाचं पत्र आलंय," आई म्हणाल्या. "बोलावलंय त्याने."

मशीन थांबलं. कुजबूजताईने लगेच अर्धा शब्द पुरवला, "काल आलं. काल दुपारी."

"हो का. बरं झालं, आजी. छानच झालं," शिवणवाली म्हणाली. आजाऱ्याशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाली, आणि ओवलेल्या सुईत दोरा ओवायला लागली. ती बाई वाईट नव्हती. तिला दया आली होती.

थांब्यावर आईंनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बघितलंस? इतकी वर्षं विचारायची, काय लिहिलंय, या वेळी काय घेतलं. आज तिने विचारलं नाही." त्यांनी पिशवीचे बंद आवळले. "माझ्याकडे होतं काय? एक खोटं होतं. चांगलं जपलेलं, कुणाचं वाईट न केलेलं. तेही त्या कप्तानच्या नावाचं झालं. आता मी मुलगा म्हटलं तरी कप्तानी, पत्र म्हटलं तरी कप्तानी. उद्या मेले तरी म्हणतील."

गाडी आली. आईंनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. निरोप देताना जे कुणीही म्हणतं तेच कुजबूजताईच्या तोंडून निघून गेलं. "पोचलात की पत्र टाका."

आई पायरीवर थांबल्या. मागच्या माणसांना खोळंबा झाला, कंडक्टर म्हणाला, चला आजी. त्यांनी वळून सुनेकडे बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तू ते कुणाला तरी वाचून दाखवशील."